हंगोर : बंगाली नावाची पाकिस्तानी पाणबुडी

कराचीच्या नौदल संग्रहालयात काळ्या रंगाची एक जुनी पाणबुडी कोरड्या जमिनीवर उभी आहे. नाव ‘हंगोर’. पाकिस्तानचं नौदल दरवर्षी ९ डिसेंबरला तिच्या नावाने दिवस साजरा करतं. त्याच तारखेला दीवच्या समुद्रकिनारी ‘खुकरी’च्या स्मारकावर फुलं वाहिली जातात. एकीकडे विजय, दुसरीकडे शोक. घटना मात्र एकच. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री हंगोरने भारतीय नौदलाची फ्रिगेट आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्यासोबत गेले.

आपल्याकडे ही कथा खुकरीच्या बाजूने सांगितली जाते आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्या बोटीने हा घाव घातला ती कुठे बांधली गेली, कशी चालत होती, तिचं नाव कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. शत्रूच्या बोटीबद्दल सरळ माहिती दिली की, सांगणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. म्हणून हा इतिहास एकतर आरोळ्यांमध्ये हरवतो, नाहीतर मौनात. खरं तर हंगोरचं चरित्र वाचल्याशिवाय १९७१चं समुद्रातलं युद्ध नीट कळत नाही. आणि ते केवळ भारत-पाकिस्तान यांच्यातलं युद्ध नव्हतं, हेही कळत नाही.

नावापासून सुरुवात करू. ‘हांगोर’ हा बंगाली शब्द आहे. अर्थ शार्क मासा. आपल्या कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात तोच. तिच्या जोडीच्या पाणबुडीचं नाव होतं ‘शुशुक’. हाही बंगाली शब्द. गंगेच्या पाण्यातला डॉल्फिन, ज्याला हिंदीत सूंस म्हणतात. तिसरीचं नाव ‘मांगरो’. ज्या बंगाली भाषेला पाकिस्तानात बरोबरीचा दर्जा मिळावा म्हणून २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या, त्याच भाषेतली नावं पाकिस्तानच्या सर्वांत आधुनिक पाणबुड्यांना मिळाली होती. नावात मान होता. सत्तेत वाटा मात्र नव्हता. पुढे काय घडलं ते याच विसंगतीतून घडलं.

ब्रेस्टच्या गोदीत

पाकिस्तानकडे पाणबुडी आली १९६४मध्ये. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ‘डायाब्लो’ भाडेतत्त्वावर दिली, तिचं नाव ‘गाझी’ ठेवलं गेलं. तेव्हा उपखंडात दुसऱ्या कुणाकडेही पाणबुडी नव्हती. १९६५च्या युद्धानंतर अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. तेव्हा पाकिस्तान फ्रान्सकडे वळला आणि तीन ‘डाफ्ने’ जातीच्या पाणबुड्यांचा करार केला. त्याच सुमारास ब्रिटनकडून हवं ते मिळेना म्हणून भारत सोव्हिएत रशियाकडे गेला होता. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. गंमत पाहा, कलवरी हे नावही मल्याळम किनाऱ्यावरच्या शार्कचंच. एका देशाने शार्कचं नाव मलबारच्या भाषेतून घेतलं, दुसऱ्याने बंगालच्या.

हंगोरची बांधणी झाली फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रेस्टच्या सरकारी गोदीत. १९६७च्या अखेरीस काम सुरू झालं, जून १९६९मध्ये जलावतरण झालं. डाफ्ने जातीच्या एकूण २५ पाणबुड्या बांधल्या गेल्या. फ्रान्सने स्वतःसाठी ११ ठेवल्या. पोर्तुगालने चार, स्पेनने चार, दक्षिण आफ्रिकेने तीन आणि पाकिस्तानने तीन घेतल्या. ग्राहकांची ही यादी त्या काळच्या राजकारणाचा आरसाच आहे. सालाझारचा पोर्तुगाल, फ्रँकोचा स्पेन, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि लष्करशाहीतला पाकिस्तान. पैसे मोजणाऱ्याला फ्रान्स फारसे प्रश्न विचारत नव्हता.

बोट तशी लहान. लांबी ५८ मीटरच्या आत, पाण्याखालचं वजन हजार टनांच्या थोडं वर, माणसं पन्नासच्या आसपास. पाण्याबाहेर किंवा अगदी पृष्ठभागालगत असताना डिझेल इंजिनं बॅटऱ्या चार्ज करायची आणि खोल गेल्यावर बोट त्याच बॅटऱ्यांवर चालायची. बॅटरीवर संथ चालणारी अशी बोट जवळपास निःशब्द असते, तीच तिची खरी ताकद. अडचणही तिथेच. बॅटरी उतरली की, पुन्हा वर येऊन एक नळी पाण्याबाहेर काढावी लागते. इंजिनं त्या नळीतून हवा ओढतात, तेव्हा मोठा आवाज होतो आणि नळी रडारवर दिसू शकते. म्हणजे पाणबुडीचं आयुष्य लपणं आणि श्वास घेणं यांच्या हिशोबात जातं.

तिला टॉर्पेडोच्या १२ नळ्या होत्या, आठ पुढे आणि चार मागे. पण आत जादा टॉर्पेडो ठेवायला जागा नव्हती. नळीत आहे तेवढंच शस्त्र. ते संपलं की बंदर गाठायचं.

या जातीला एक काळी बाजूही होती. हंगोर ब्रेस्टमध्ये बांधली जात असतानाच, २७ जानेवारी १९६८ रोजी फ्रान्सची ‘मिनर्व्ह’ तुलाँ बंदराजवळ ५२ जणांसह नाहीशी झाली. तिचे अवशेष थेट २०१९मध्ये सापडले, दोन हजार मीटरहून अधिक खोलीवर. ४ मार्च १९७० रोजी त्याच जातीची ‘युरिडिस’ ५७ जणांना घेऊन बुडाली. शांततेच्या काळात, कुणीही हल्ला केलेला नसताना, १०९ माणसं गेली. कराचीहून जे खलाशी या बोटी चालवायला शिकत होते, त्यांना हे माहीत होतं. पाणबुडीवरच्या माणसाचा पहिला शत्रू समुद्र असतो, दुसऱ्या देशाचं नौदल नंतर येतं.

तुलाँहून पळालेले खलाशी

मार्च १९७१मध्ये मांगरो ही तिसरी पाणबुडी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात होती. तिचा ताफा प्रशिक्षण संपवून कराचीला निघण्याच्या तयारीत होता. ४५ जणांच्या या ताफ्यात १३ बंगाली होते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने आपल्याच नागरिकांवर हत्यारं चालवली. विद्यापीठाच्या वसतिगृहांत कत्तल झाली. या बातम्या रेडिओवरून तुलाँपर्यंत पोहोचल्या.

त्या बंगाली खलाशांपैकी काहींनी महिनाअखेरीस बोट सोडली. पासपोर्ट हस्तगत करून ते रेल्वेने स्पेनकडे निघाले आणि माद्रिदमधल्या भारतीय दूतावासात त्यांनी आश्रय मागितला. आठ जण एप्रिलमध्ये भारतात पोहोचले. मांगरो त्यांच्याशिवायच कराचीला गेली.

हे आठ जण म्हणजे पाकिस्तानने फ्रान्समध्ये पैसे खर्चून तयार केलेले पाणबुडी-तज्ज्ञ. भारतीय नौदलाने त्यांच्या भोवती एक जलयोद्ध्यांचं दल उभं केलं. प्रशिक्षण शिबिरासाठी जागा निवडली भागीरथीच्या काठावरची प्लासी. जिथे १७५७मध्ये सिराज-उद-दौलाचा पराभव होऊन बंगाल ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेला, तीच प्लासी. शेतकऱ्यांची आणि कॉलेजातली शेकडो पोरं तिथे रात्रीच्या अंधारात नदीत पोहायला शिकली. छातीला चुंबकी सुरुंग बांधून जहाजाच्या तळापर्यंत जायचं, तो चिकटवायचा आणि परत पोहत यायचं.

१५ ऑगस्ट १९७१च्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच वेळी हल्ला झाला. इशारा मिळाला आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेल्या ठरावीक गाण्यांतून. चितगावच्या तुकडीचं नेतृत्व करणारे अब्दुल वाहेद चौधरी हे मांगरोवरून निघून आलेल्यांपैकी होते. ‘ऑपरेशन जॅकपॉट’ नावाने ही मोहीम ओळखली जाते. पूर्व पाकिस्तानला रसद पोहोचवणारी जहाजं बंदरातच फुटू लागली. त्यानंतर बाहेरची जहाजंही तिथे यायला कचरू लागली.

धर्म एक असला की राष्ट्र एक होतं, हे गृहीतक १९७१मध्ये मोडलं, असं आपण वाचतो. ते मोडलं म्हणजे नेमकं काय झालं, हे मांगरोच्या कथेत दिसतं. एकाच बोटीत एकाच वेळी नमाज पढणारे सहकारी होते. पण आपल्या माणसांवर गोळ्या चालल्याचं कळल्यावर एका गटाला त्या बोटीत राहणं अशक्य झालं.

मुंबईच्या समोर

हंगोर २२ नोव्हेंबर १९७१ रोजी कराचीहून निघाली. कमांडर होते अहमद तस्नीम. गाझी त्याआधीच विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागराकडे गेली होती. हंगोरला काम मिळालं सौराष्ट्र ते मुंबई या पट्ट्याचं.

पाकिस्तानी वृत्तांतानुसार, २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यान मुंबईहून बाहेर पडणारा भारताचा पश्चिमी ताफा हंगोरच्या अगदी जवळून गेला. टॉर्पेडो तयार होते, लक्ष्यं समोर होती, पण युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. गोळी चालवण्याची परवानगी नव्हती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय हवाई तळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. काही तासांच्या या फरकाने मुंबईसमोर काय टळलं याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

त्या रात्रीपासून भारताचं पारडं जड होत गेलं. गाझी विशाखापट्टणमजवळ नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली. भारत म्हणतो, आयएनएस राजपूतच्या डेप्थ चार्जने. पाकिस्तान म्हणतो, आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगामुळे. ४ डिसेंबरच्या रात्री भारताच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धडक मारून ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ बुडवल्या. तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. ८ डिसेंबरला पुन्हा हल्ला होऊन कराचीतल्या तेलाच्या टाक्या पेटल्या.

या सगळ्यात हंगोर गुजरातच्या किनाऱ्यासमोर फिरत राहिली. तिने कराचीला पाठवलेले रेडिओ संदेश भारताने पकडले. या भागात शत्रूची पाणबुडी आहे, हे नौदलाला कळलं. तिचा माग काढायला १४व्या फ्रिगेट स्क्वॉड्रनला पाठवण्यात आलं. खुकरी, कृपाण आणि कुठार या तिन्ही ब्रिटनमध्ये बांधलेल्या, पाणबुडीविरोधी कामाच्याच फ्रिगेट. पण कुठारमध्ये बिघाड होऊन ती मुंबईत अडकली होती. त्यामुळे ८ डिसेंबरला दोनच निघाल्या.

९ डिसेंबरची रात्र

खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. आडनाव ऐकून अनेकांचा समज वेगळा होतो. ते गोरखपूरला जन्मलेले काश्मिरी पंडित. शिकारी म्हणून निघालेल्या दोन जहाजांपुढे एक साधी भौतिक अडचण होती. पाणबुडी शोधण्याचं साधन म्हणजे सोनार, पाण्यात सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी. अरबी समुद्राचं पाणी वरती उबदार आणि खाली थंड असतं. या थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो आणि खाली दडलेली पाणबुडी हुकते. शिवाय खुकरीवरचे सोनार जुन्या पिढीचे, कमी पल्ल्याचे. हंगोरला उलट काही सोडायचंच नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. दोन जहाजांचे पंखे दूरवरून ऐकू येत होते.

खुकरीवर आणखी एक गोष्ट चालू होती. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एका तरुण अधिकाऱ्याने तयार केलेल्या उपकरणाची चाचणी तिथे घेतली जात होती. त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागे. पाणबुडीच्या टापूत संथ आणि सरळ चालणं धोक्याचं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण जवळची साधनं अपुरी होती आणि ती सुधारण्याचा मार्गही यातूनच जात होता. तो अधिकारीही त्या रात्री गेला.

दीवपासून अंदाजे ४० सागरी मैलांवर, रात्री पावणेनऊच्या सुमारास हंगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो तिच्या तळाखालून गेला, फुटलाच नाही. आता आपण उघडे पडलो, हे तस्नीम यांना कळलं. त्यांनी लगेच दुसरा टॉर्पेडो खुकरीवर सोडला. तो तळाखाली फुटला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली होतं. बहुतेक खलाशी आतच अडकले. तिसरा टॉर्पेडो कृपाणच्या दिशेने गेला, पण ती निसटली.

बचावलेल्यांनी नंतर सांगितलं की, कॅप्टन मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जॅकेट दुसऱ्याला दिलं, शक्य तितक्या जणांना बाहेर काढलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. सहा अधिकारी आणि ६१ खलाशी रात्रभर समुद्रात तरंगत राहिले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या जहाजाने त्यांना उचललं.

आता शिकार उलटी फिरली. पुढचे काही दिवस भारताची जहाजं आणि विमानं हंगोरच्या मागे होती. डेप्थ चार्जचे स्फोट होत राहिले. या शोधात गुंतल्यामुळे कराचीवरच्या तिसऱ्या हल्ल्याची योजनाही मागे पडली. १० डिसेंबरला शोधमोहिमेवरचं एक ‘अलिझे’ विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं, तिघे गेले. अलिझे हेही फ्रान्समध्येच बनलेलं. शोधणारं विमान फ्रान्सचं, लपणारी बोट फ्रान्सची आणि मरणारे मात्र इथले.

हंगोर सुखरूप कराचीला पोहोचली. पण ती परतली तोवर तिला ज्या भाषेने नाव दिलं होतं, त्या भाषेचा देश वेगळा होत होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. एका फ्रिगेटच्या बुडण्याने युद्धाचा निकाल बदलला नाही.

त्यानंतरची वर्षं

तस्नीम यांना सितारा-ए-जुर्रत मिळालं आणि पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेली पहिली युद्धनौका म्हणून खुकरीची नोंद जगभरच्या नौदल अभ्यासात झाली. अशी दुसरी घटना घडली ती २ मे १९८२ रोजी, फॉकलंडच्या युद्धात, जेव्हा ब्रिटनच्या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘हेनेराल बेलग्रानो’ बुडवली.

पाकिस्तानने गाझीची जागा भरून काढायला १९७५मध्ये पोर्तुगालकडून ‘काशालोत’ ही डाफ्ने जातीचीच पाणबुडी विकत घेतली आणि तिलाही ‘गाझी’ नाव दिलं. हंगोर स्वतः पुढची तीसहून अधिक वर्षं सेवेत राहिली. २ जानेवारी २००६ रोजी निवृत्त होऊन ती संग्रहालयात गेली. नाव तेच राहिलं. बांगलादेश वेगळा होऊन ३५ वर्षं होत आली होती, तरी पाकिस्तानच्या सर्वांत गाजलेल्या पाणबुडीवर बंगाली शब्द लिहिलेलाच होता.

भारतीय नौदलाने या घटनेतून धडे घेतले. बुडालेल्या फ्रिगेटच्या नावाची नवी कॉर्व्हेट मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९८९मध्ये सेवेत आली. डिसेंबर २०२१मध्ये ती निवृत्त झाली आणि दीवला स्मारक म्हणून देण्यात आली. ज्या समुद्रात पहिली खुकरी विसावली आहे, त्याच किनाऱ्यावर दुसरी उभी आहे.

आज चित्र पुन्हा तेच दिसतं, फक्त दुकानं बदलली आहेत. भारताची नवी ‘कलवरी’ माझगाव गोदीत बांधली गेली, पण तिचा आराखडा फ्रेंच. जिने हंगोर घडवली, त्याच फ्रान्सच्या नौबांधणी परंपरेतला. आणि पाकिस्तानची नवी ‘हंगोर’ एप्रिल २०२४मध्ये चीनच्या वुहानमध्ये पाण्यात उतरली. अशा आठ पाणबुड्यांचा करार आहे. शार्कचं नाव दोन्ही बाजूंना पुन्हा दिलं गेलं आहे.

हंगोरकडे बघताना तीन समाजांची स्मृती एकत्र ठेवावी लागते. पाकिस्तानसाठी ती पराभवाच्या वर्षातली एकमेव अभिमानाची गोष्ट आहे, म्हणून ती इतकी जपली जाते. भारतासाठी ती १९४ घरांचं दुःख आहे आणि जुन्या साधनांवर माणसं पाठवण्याची किंमतही. बांगलादेशसाठी ती भाषेची चोरलेली खूण आहे, आणि तिच्या बहिणीवरून निघालेल्या आठ खलाशांचा अभिमानही. यातली एकच बाजू उचलली की प्रचार होतो. तिन्ही एकत्र वाचल्या की इतिहास होतो.

९ डिसेंबरला दीवमध्ये जी फुलं वाहिली जातात, ती वाहायलाच हवीत. पण त्या माणसांचा खरा सन्मान त्यांचं मरण कसं घडलं हे नीट समजून घेण्यात आहे. आणि ते समजून घ्यायचं तर समोरच्या बोटीची कथाही तितक्याच शांतपणे वाचावी लागते.